घरची शाळा, हाती बायबल: अमेरिकेतल्या ख्रिस्ती होमस्कूलिंगमध्ये मुलांची शिकण्याची गोडी टिकते कशी आणि मरते कशी?

इन्स्टाग्रामवर 'होमस्कूल मॉम' असं शोधून बघा. दोन-तीन रील्समध्येच सगळं चित्र समोर येतं. लाकडी टेबल, खिडकीतून आत येणारं ऊन, कोपऱ्यात पावासाठी मळून ठेवलेलं पीठ. चार-पाच मुलं वहीत पानं-फुलं रंगवत बसलेली आणि आई मोठ्याने गोष्ट वाचतेय. मागच्या भिंतीवर बायबलमधलं एखादं वचन. शाळेची बस नाही, दप्तर नाही, युनिफॉर्म नाही.

असा व्हिडिओ बघून माणसं पटकन दोन गटांत वाटली जातात. एक गट म्हणतो, काय सुंदर बालपण आहे! दुसरा म्हणतो, हे सरळसरळ ब्रेनवॉशिंग आहे. दोन्ही गट घाई करतात. कारण त्या टेबलावर नेमकं काय चाललंय ते रीलमध्ये दिसतच नाही. वाचून झाल्यावर आई मुलाला काय विचारते? आणि मुलानेच अडचणीचा प्रश्न विचारला तर ती काय करते? सगळी मेख तिथे आहे.

हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा झालाय, कारण त्या टेबलापर्यंत आता सरकारी पैसा पोहोचतोय. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी मे २०२५ मध्ये एका कायद्यावर सही केली. १०० कोटी डॉलर्सची ही योजना २०२६-२७ या शालेय वर्षासाठी आहे. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे साधारण १० हजार डॉलर्स आणि घरी शिकणाऱ्या मुलामागे वर्षाला २ हजार डॉलर्सपर्यंत. 'सरकारने आमच्या घरात डोकावू नये' म्हणून जी मंडळी चाळीस वर्षं भांडली, त्यांच्या दारात आता सरकारच पाकीट घेऊन उभं आहे.

त्यामुळे हे प्रकरण जरा मुळापासून बघू.

किती मुलं आणि का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्रानुसार १९९९ मध्ये साधारण साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती. २०१९ मध्ये ती १५ लाखांच्या आसपास होती. मग कोव्हिड आला. जनगणना विभागाच्या सर्वेक्षणात २०२० च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांनी 'आम्ही घरी शिकवतो' असं सांगितलं होतं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हा आकडा ११.१ टक्क्यांवर गेला. कृष्णवर्णीय घरांमध्ये तर ३.३ वरून थेट १६.१. शाळा उघडल्यावर बरीच मुलं परत गेली. पण सगळी नाही.

पालक हे का करतात? २०१९ च्या पाहणीत ८० टक्के पालकांनी शाळेतल्या वातावरणाची काळजी हे एक कारण सांगितलं, ७५ टक्क्यांनी नैतिक शिक्षण आणि ५९ टक्क्यांनी धार्मिक शिक्षण. (एका पालकाला एकाहून जास्त कारणं देता येत होती.) म्हणजे 'होमस्कूलिंग म्हणजे कट्टर ख्रिस्ती' हे समीकरण आज सरसकट लागू होत नाही. पण या चळवळीचा सांगाडा, म्हणजे वकील, पुस्तकांचा बाजार, वार्षिक अधिवेशनं, हा मुख्यतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांनीच उभा केलाय.

गंमत म्हणजे सुरुवात त्यांनी केली नव्हती. जॉन होल्ट नावाचे एक शिक्षक होते, विचाराने डावीकडे झुकलेले. १९६४ मध्ये त्यांचं मुलं नापास कशी होतात यावरचं पुस्तक गाजलं. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत मुलं विषय शिकत नाहीत, बाईंना हवं ते उत्तर ओळखायला शिकतात. शाळा सुधारेल ही आशा सोडून १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक पत्रिका काढली. त्याच सुमारास रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचलं होतं. हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. मुलांना औपचारिक शिक्षणात लवकर जुंपू नका, आठ-दहा वर्षांपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही, असं ते सांगत. १९८० च्या आसपास जेम्स डॉब्सन यांच्या लोकप्रिय ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमातून मूर यांचं म्हणणं लाखो घरांत पोहोचलं.

जमीन आधीच तयार होती. १९६२ आणि १९६३ च्या निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधली अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं होतं. उत्क्रांती, लैंगिक शिक्षण यावरून वाद पेटलेले होते. 'शाळा आमच्या मुलांना आमच्यापासून तोडतेय' ही भावना अनेक श्रद्धाळू पालकांच्या मनात होती. होल्ट आणि मूर यांनी त्यांना पर्याय दाखवला.

तेव्हा अनेक राज्यांत हे कायद्याच्या कक्षेत बसत नव्हतं. मूल शाळेत पाठवलं नाही म्हणून पालकांवर खटले भरले जायचे. १९८३ मध्ये मायकल फॅरिस वगैरे वकिलांनी 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' काढली आणि राज्याराज्यांतून लढाई सुरू झाली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं होतं. दहा वर्षांत! अमेरिकी राजकारणात इतकं सरळ यश फार थोड्या चळवळींना मिळालं असेल.

पण शाळा सोडण्याचा हक्क मिळाला म्हणजे शिकवण्याची पद्धत मिळाली असं नाही. सोमवारी सकाळी करायचं काय? इथे दोन वाटा फुटतात.

आंब्लसाइडच्या मेसनबाई

पहिली वाट शंभर-सव्वाशे वर्षं मागे, इंग्लंडमध्ये जाते.

शार्लट मेसन यांचा जन्म १८४२ चा. आईवडील लवकर गेले, शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही. १८८६ मध्ये घरच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि मग पालकांची एक संघटनाच उभी राहिली. लेक डिस्ट्रिक्टमधल्या आंब्लसाइड गावी त्यांनी शिक्षिका घडवणारं विद्यालय काढलं आणि १९२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांचा अभ्यासक्रम टपालाने घराघरांत जायचा. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत राहणारी ब्रिटिश कुटुंबंही तो मागवत.

त्यांचा पहिला मुद्दा असा, की मूल हे काही अर्धवट माणूस नाही, ते जन्मापासूनच एक व्यक्ती असतं. आज हे गुळगुळीत वाटतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात नव्हतं. मूल व्यक्ती असेल, तर त्याच्या मनाला पोटासारखीच भूक असणार आणि त्याला खरं अन्न लागणार. खरं अन्न म्हणजे त्या विषयावर मनापासून प्रेम असलेल्या कुणीतरी लिहिलेली पुस्तकं. पाठ्यपुस्तकातला चोथा नको.

पद्धत सोपी आहे. लहान मुलांचा पाठ पंधरा-वीस मिनिटांचा. उतारा एकदाच वाचायचा. मग पुस्तक मिटायचं आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. याला त्या 'नॅरेशन' म्हणत. आपल्या भाषेत 'सांग बघू'. मधे टोकायचं नाही, रिकाम्या जागा भरा नाहीत, बहुपर्यायी प्रश्न नाहीत. दुपारी बाहेर भटकायचं, पक्षी-पानं बघायची, निसर्गवहीत काढायची. गुण नाहीत, बक्षिसं नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यात ख्रिस्ती काय आहे? इथेच मेसनबाईंचा सगळ्यात धाडसी विचार येतो.

फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेला नावाचं चर्च आहे. तिथल्या एका दालनात चौदाव्या शतकातलं एक प्रचंड भित्तिचित्र आहे. मेसनबाईंना ते जॉन रस्किन यांच्या लेखनातून भेटलं. चित्रात वरून पवित्र आत्मा उतरतोय आणि खाली व्याकरण, अंकगणित, भूमिती, संगीत अशा विद्या ओळीने बसल्यात. प्रत्येक विद्येच्या पायाशी त्या विद्येतला एक थोर माणूस. त्यांत युक्लिड आहे, सिसेरो आहे. ही माणसं ख्रिस्ती नव्हती. ख्रिस्ताच्या आधीची होती. तरीही चित्रकाराने त्यांच्यावर तोच प्रकाश पाडलाय.

मेसनबाईंनी यातून काढलेला अर्थ असा, की भूमिती असो की व्याकरण, सगळं ज्ञान देवाकडूनच येतं, मग ते कुणाच्याही हातून येवो. 'धार्मिक विषय' आणि 'ऐहिक विषय' अशी भिंत नाहीच. श्रद्धाळू पालकासाठी ही फार मोठी मोकळीक आहे. कारण मग मुलाच्या कुतूहलाची भीती वाटायचं कारण उरत नाही. ते कुठेही गेलं तरी देवाच्या अंगणातच फिरणार.

हा विचार अमेरिकेत पोहोचला तो १९८४ मध्ये, सुझन शेफर मॅकॉली यांच्या एका छोट्या पुस्तकातून. त्यांचे वडील फ्रान्सिस शेफर हे इव्हँजेलिकल जगातलं बडं नाव, त्यामुळे दारं आपोआप उघडली. आज त्या रील्समध्ये निसर्गवह्या आणि मोठ्याने वाचणारी आई दिसते, त्यातलं बरंचसं या आंब्लसाइडच्या बाईंचं आहे.

दुसरी वाट: वर्कबुकची

दुसरी वाट टेक्सास आणि फ्लोरिडातून निघाली. १९७० मध्ये टेक्सासमध्ये 'अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' सुरू झालं. प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा पुस्तिका. मूल आपलं आपण वाचतं, रिकाम्या जागा भरतं, उत्तरं तपासतं, शेवटी चाचणी देतं आणि पुढच्या पुस्तिकेकडे जातं. १९७२ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलात 'अबेका' हे प्रकाशन सुरू झालं. त्यांचं वाचन-लेखन आणि उजळणीचं काम पक्कं मानलं जातं. पण विज्ञानात सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली हाच पाया.

या पुस्तिकांना हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. पाच मुलं, एक पगार आणि स्वतः शिक्षिका नसलेली आई, अशा घरात 'आज पान ३४ ते ३८' हा केवढा आधार असतो! मेसनबाईंच्या पद्धतीला वाचणारी, वेळ असणारी, डोकं शांत असणारी मोठी व्यक्ती लागते. वर्कबुकला पेन्सिल पुरते. होमस्कूलिंगचा भार बहुतेक घरांत आईच्याच अंगावर पडतो आणि थकलेली आई रोज नवं कुतूहल कुठून आणणार, हा प्रश्न सुंदर रील्समध्ये कधी येत नाही. म्हणूनच चार-सहा कुटुंबांनी मिळून आठवड्यातून एक दिवस एकत्र शिकवायचे गट निघाले. १९९७ पासूनचं 'क्लासिकल कन्व्हर्सेशन्स' हे त्यातलं मोठं जाळं.

माझी अडचण पुस्तिकेशी नाही. तिच्यामागे ज्ञानाकडे बघण्याची जी नजर आहे, तिच्याशी आहे. इथे जग धोकादायक आहे आणि ज्ञान गाळून द्यायला हवं. मुलापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक वाक्यावर आधी कुणीतरी शिक्का मारलेला असतो. प्रश्न विचारायचे, पण उत्तर मागच्या पानावर छापलेलं असेल असेच.

एक प्रसंग कल्पून बघा. शरद ऋतूतली रात्र, गावाबाहेर शेतावर गडद अंधार. दहा वर्षांच्या मुलाला वडील आकाशात एक पुसट ढगासारखा ठिपका दाखवतात. ती देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण २५ लाख वर्षं लागतात. मूल दुसऱ्या दिवशी विचारतं, "बाबा, पण पुस्तकात तर लिहिलंय की जग काही हजार वर्षांचंच आहे. मग तो प्रकाश निघाला कधी?"

या क्षणी त्या घरात काय होतं, यावर सगळं ठरतं. "चांगला प्रश्न आहे, मलाही नीट माहीत नाही, चल शोधू," असं वडील म्हणाले, तर ते मूल पुढची पन्नास वर्षं आकाशाकडे बघत राहील. कदाचित श्रद्धाही टिकवून. अनेक खगोलशास्त्रज्ञ श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. बिग बँगच्या कल्पनेचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरूच होते. पण वडिलांचा चेहरा बदलला, आवाजात काळजी आली, 'असे प्रश्न कुठून सुचतात तुला' असं आलं, तर मूल एक धडा पक्का शिकतं. हा प्रश्न विचारायचा नसतो. नंतर दुसराही विचारायचा नसतो. होल्ट म्हणत होते ना, शाळेत मूल बाईंना हवं ते उत्तर ओळखायला शिकतं? तेच घरी सुरू होतं. इथे फक्त बाईंच्या जागी आई असते. आणि आईला नाराज करणं बाईंना नाराज करण्यापेक्षा फार अवघड असतं.

कुतूहल बाहेरून दाबलं की मरतं, तसंच बाहेरून विकत घेतलं तरी मरतं. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडत होतं, त्यांचे गट केले. एका गटाला सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का असलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर हीच मुलं इतरांपेक्षा साधारण निम्माच वेळ चित्र काढत होती. आवड होती तिचं काम झालं. मेसनबाईंनी बक्षिसं का नाकारली होती, ते इथे पटतं.

मग कुणी बघायचं?

इथपर्यंत हा घरातला मामला होता. पण घर चांगलं नसेल तर?

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका घरातून एक मुलगी खिडकीतून पळाली आणि तिने पोलिसांना फोन केला. आत तिची बारा भावंडं होती. उपाशी, काही जण साखळीने बांधलेली. कागदोपत्री त्या घरात एक खासगी शाळा चालत होती. आईवडिलांना नंतर जन्मठेप झाली. हे टोकाचं उदाहरण आहे. यावरून लाखो कुटुंबांना तोलणं अन्यायाचं होईल. पण 'कुणालाच काही कळलं कसं नाही' या प्रश्नाचं उत्तर नियमांत आहे.

प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये पालकांनी वर्षाचा आराखडा द्यायचा, दर तिमाहीला अहवाल, वर्षाअखेर मूल्यमापन. टेक्सासमध्ये १९९४ च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरची शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व शिकवायचं, बस्स. कुणाला कळवायला नको, परीक्षा नको. अशी 'कळवूच नका' राज्यं साधारण दहा-अकरा आहेत.

२०१३ मध्ये घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनीच 'कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन' ही संस्था काढली. ही मुलं बाहेरची टीकाकार नव्हती, त्याच टेबलावर बसलेली होती. होमस्कूलिंग बंद करा असं ते म्हणत नाहीत. वर्षातून एकदा तरी घराबाहेरच्या एखाद्या जबाबदार माणसाने मुलाला भेटावं, इतकंच मागणं. २०२० मध्ये हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी याहून पुढे जाऊन होमस्कूलिंगवर जवळपास बंदीच घाला असं सुचवलं आणि मोठा गदारोळ झाला.

२०२५ मध्ये इलिनॉयमध्ये असंच एक विधेयक आलं. मूल घरी शिकतंय हे कळवा, आणि काळजीचं कारण दिसलं तर मुलाचं काम दाखवा, असा साधारण आशय. पण कळवलं नाही तर कारवाईची तरतूदही होती. स्प्रिंगफील्डमधलं विधान भवन हजारो पालक आणि मुलांनी भरून गेलं. विधेयक त्या वसंत अधिवेशनात सभागृहाच्या मतदानापर्यंत पोहोचलंच नाही.

पालकांचा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, तुम्ही तपासणी आणाल, तपासणीमागून चाचणी येईल, चाचणीमागून रिकाम्या जागा भरा येतील. ज्यातून आम्ही मुलांना बाहेर काढलं तेच घरात घुसेल. शिकण्याची गोडी कुठल्याच फॉर्ममध्ये मोजता येत नाही, हे खरंच आहे.

पण पेनसिल्व्हेनियाकडे बघा. तिथल्या १९८८ च्या कायद्यानुसार वर्षभराचं काम एका फायलीत ठेवायचं आणि वर्षाअखेर एका पात्र मूल्यमापकाने ते बघून मुलाशी बोलायचं. तो मूल्यमापक निवडतात पालकच. (तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित चाचणीही असते.) कुणीतरी समोर बसून मुलाला विचारतं, यंदा काय वाचलंस? सांग बघू. मला तर हे मेसनबाईंच्या पद्धतीचंच सरकारी रूप वाटतं. ज्या घरात मूल रोज आपल्या शब्दांत सांगतं, त्या घराला याची भीती वाटायचं काहीच कारण नाही. ज्या घरात मुलाला कुणाशी बोलूच दिलं जात नाही, तिथे मात्र अडचण होईल. व्हायलाच हवी.

आणि आता पैसा

टेक्सासच्या २ हजार डॉलर्सकडे परत येऊ. मेसनबाईंच्या वाटेला पैसे फारसे लागतच नाहीत. लायब्ररीचं कार्ड, एक वही, रंगाची डबी आणि जवळपास झाडं. त्या पद्धतीवर आधारित एक संपूर्ण अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. सरकारी पैसा मात्र मान्यताप्राप्त विक्रेत्यांकडेच खर्च करता येतो. जंगलात फिरायला गेलो याची पावती कोण देणार? पावती मिळते ती तयार पॅकेजची, वर्कबुकच्या संचाची, ऑनलाइन कोर्सची. म्हणजे कुणी ठरवलं नसतानाही हा पैसा घरांना दुसऱ्या वाटेकडे ढकलेल, असा माझा अंदाज आहे.

अ‍ॅरिझोनाने २०२२ मध्येच सगळ्या मुलांना अशी खाती खुली केली, वर्षाला साधारण ७ हजार डॉलर्सची. तिथे कायद्याची एक गंमत आहे. हे पैसे घेणारं मूल घरीच शिकत असलं तरी कायद्याने ते 'होमस्कूलर' राहत नाही, त्याचा वर्ग वेगळा. लेगोचे महागडे संच सरकारी पैशातून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि लगेच खर्चाच्या तपासणीचा आवाज उठला. जुने होमस्कूलर नेमकं हेच सांगत होते, की पैशाच्या मागे हिशेब येतो. त्यामुळे ही चळवळ आज आतून दुभंगली आहे. नवी कुटुंबं म्हणतात, कर आम्हीही भरतो, मग का घेऊ नये? जुनी म्हणतात, घ्याल तर एक दिवस तुमच्या टेबलावर काय ठेवायचं ते तेच ठरवतील. केंद्र पातळीवरही २०२५ च्या कायद्याने शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यांना १,७०० डॉलर्सपर्यंत करसवलत दिली आहे. ती २०२७ पासून लागू होईल आणि त्यात सहभागी व्हायचं की नाही ते प्रत्येक राज्य ठरवेल. हा वाद आणखी तापणार.

आपल्याकडे?

जर्मनीसारखी आपल्याकडे सरळ बंदी नाही. (तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे, आणि २००६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही धार्मिक कारणाने सूट मागणाऱ्या पालकांची तक्रार फेटाळली.) भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालकांनी ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालावं असं कर्तव्य सांगतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. या मधल्या जागेत मुंबई-पुण्यातली काही कुटुंबं घरी शिकवतात. दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते. २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर एमआयटीत पोहोचली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ती बातमी महिनाभर फिरत होती. त्या बातमीमागे एका आईने नोकरी सोडून दिलेली वर्षं होती, ते फॉरवर्डमध्ये नसायचं.

आणि मूल शाळेत जात असलं तरी 'सांग बघू'ला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री चार-पाच मिनिटांचं काहीतरी चांगलं वाचून दाखवा. एकदाच. पुस्तक मिटा आणि सांगायला सांगा. मधे दुरुस्त करू नका, नाव चुकलं तरी. पहिल्या दिवशी दोन वाक्यं येतील, त्यातलं एक 'मग ते घरी गेले' हे असेल. आठ-दहा दिवसांनी, तुमच्या लक्षातही न आलेला एखादा तपशील मूल सांगेल आणि त्यावर असा प्रश्न विचारेल की ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.